क्रमसापेक्ष भूमितीचे सर

"वांगं आधी भाजलं आणि मग ठेचलं, तर भरीत होतं. आता आधी ठेचून मग भाजून दाखवा बरं!"

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राचे सर पहिल्याच तासाला हे सांगत. वर्ग हसून घेईपर्यंत खडू धरून थांबत. मग म्हणत, "निसर्गातही क्रम बदलला की उत्तर बदलतं."

मी तिथे ग्रंथपाल होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सर मूळचे सावद्याचे, केळीच्या बागायतदारांच्या घरातले. दर शनिवारी ग्रंथालयात येऊन विचारत, "ताई, आपलं काही आलं?" आपलं म्हणजे परदेशी शोधनिबंध. ती नियतकालिकं आमच्याकडे येत नसत, म्हणून सर थेट लेखकांनाच कार्ड टाकून प्रत मागवत. काही निबंध फ्रेंचमध्ये असायचे. त्यांच्यासाठी सर चाळिशीत शब्दकोश घेऊन फ्रेंच शिकले. उच्चार मात्र शेवटपर्यंत सावद्याचा.

एकदा मी विचारलं, "सर, या विषयाचं नाव तरी काय?"

"क्रमसापेक्ष भूमिती," ते म्हणाले. "अणूच्या खूप आत गेलं, की जागेचा ठिपकासुद्धा दाखवता येत नाही, असं वाटतं. तिथे कुठली क्रिया आधी, कुठली नंतर, एवढंच हाती उरतं. तेवढ्यावरून अख्खी भूमिती पुन्हा उभी करायची. मग कणांना वस्तुमान का असतं, तेही कदाचित त्याच भूमितीतून निघेल."

मला निम्मं समजलं. पण बोलताना त्यांचा चेहरा देवळातून बाहेर आलेल्या माणसासारखा दिसत होता.

त्यातल्याच एका गणितावर त्यांनी सहा वर्षं घालवली. मग एका शनिवारी फ्रान्सहून पाकीट आलं. सरांनी ते उभ्यानेच फोडलं, दोन-तीन पानं उलटली आणि खुर्चीत बसले.

"झालं, ताई."

मी घाबरले. "कोणी गेलं का?"

"नाही हो. आपलं गणित त्यांनी सोडवलं. आणि फार सुंदर सोडवलंय."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी त्या निबंधावर व्याख्यान दिलं. ऐकायला चार प्राध्यापक, मी आणि ग्रंथालयाचे शिपाई नाना. सर दीड तास त्या परक्या माणसाचं कौतुक करत होते. स्वतःच्या सहा वर्षांबद्दल अवाक्षर नाही. बाहेर पडताना नाना मला म्हणाले, "सर आज बठ्ठा, सगळं दुसऱ्याचंच बोलले." त्या म्हाताऱ्यालाही ते जाणवलं होतं.

तीन वर्षांनी सर हृदयविकाराने गेले. त्यांच्या वह्या त्यांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, ग्रंथालयात आणून दिल्या आणि त्या सावद्याला राहायला गेल्या. नव्याने रुजू झालेल्या एका प्राध्यापिकेने त्या महिनाभर वाचल्या आणि एक पान माझ्यापुढे धरलं. एका लहान उदाहरणापुरतं का होईना, तेच उत्तर तिथे होतं. पाकीट येण्याच्या दोन वर्षं आधीची तारीख. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं : 'पुन्हा एकदा तपासणे. मग पाठवणे.'

मी मुद्दाम सावद्याला जाऊन वहिनींना हे सांगितलं. त्या अंगणात गहू निवडत होत्या. हात थांबला.

"मंग धाडलं काबर नाही त्यांनी?"

मी पेन्सिलीची ती ओळ त्यांना सांगितली. वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "ते पान मले द्या. समजत नाही मले, पन घरात राहू द्या."