आम्ही विझवलेला वणवा

नव्वदच्या आसपासचा मे महिना, रविवारची सकाळ, आणि बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याला निघालेली आमची वरात... हेंद्रेपाड्यातली चार बिऱ्हाडं, चौघींचेही नवरे अंबरनाथच्या एकाच केमिकल फॅक्टरीत.

बेत साधा होता. एसटीतून उतरायचं, एका सोंडेने टेकडी चढायची, माथ्यावर पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खायची, दुसऱ्या सोंडेने ठाकरवाडीत उतरून परत रस्त्याला लागायचं. दुपारच्या चहाला घरी, असं आमचे हे म्हणाले होते.

ह्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. फॅक्टरीत ह्यांच्याकडे नुकतंच सेफ्टीचं काम आलं होतं. आग विझवायचं ट्रेनिंग घेऊन आले आणि तेव्हापासून घरात उदबत्ती लावायचीसुद्धा चोरी झाली. गळ्यात शिट्टी असायची... त्या दिवशी डोंगरावरही होती.

माथा ओलांडून उतरायला लागलो तर खाली उतारावर धूर! एका तुकड्यातलं पाला-गवत धुमसत होतं, मधूनच जाळ वर येत होता. पलीकडे सगळं रान वाळून खडखडीत झालेलं, आणि आसपास चिटपाखरू नाही.

"वणवा!" हे ओरडले आणि शिट्टी फुंकली.

खरं सांगते, मला तेव्हा नवऱ्याचा अभिमान वाटला. हिरव्या फांद्यांनी झोडपा, माती टाका, जळतंय ते बाजूला ओढा... ह्यांनी बघता बघता सगळ्यांना कामाला जुंपलं. जांभळीखाली पाण्याने भरलेला हंडा दिसला, तो मीच उचलून आणला आणि ओतला. चर्र झालं, वाफ उठली, टाळ्या पडल्या. भर रानात भरलेला हंडा कुणी ठेवला असेल, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

मग फोटो. काळी तोंडं, हातात फांद्या, मधोमध हे... आणि शेजारच्या शैलाताईंचे मिस्टर कॅमेरा डोळ्याला लावून "जरा हसा" म्हणतायत. तेवढ्यात डोक्यावर दुसरा हंडा घेतलेली एक बाई खालून वर आली.

"काय क्येलात ह्ये? माजा राब इजवलात!"

राब म्हणजे काय, ते आम्हाला तिच्या शिव्यांमधून कळलं. भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर शेण, फांद्या, पाला, गवत रचून जमीन भाजून घ्यायची, आणि पावसाच्या तोंडावर त्यात बी पेरायचं. शिमग्यापासून ती डोक्यावरून पाला वाहत होती. जाळ पसरू नये म्हणून एक हंडा हाताशी ठेवून ती दुसरा भरायला ओढ्यात उतरली होती. तिथे वाळूत उकरलेल्या खड्ड्यात पाणी झिरपतं, ते वाटीवाटीने भरायचं...

"न भाजता पेरलं तं नुसतं तन माजंल. वरीसभर पोरांनी काय खावं?"

आम्ही सगळे खाली मान घालून उभे. आणि आमचे हे म्हणतात, "बाई, इथे एखादा बोर्ड तरी लावायचा होता तुम्ही..."

"बोरड? माज्याच शेतात?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

शैलाताई आधी सावरल्या. पदर खोचला आणि पाला गोळा करायला लागल्या, मग आम्ही सगळेच लागलो. पण जवळपासचं सुकं सगळं तिने आधीच वेचलेलं होतं. आम्ही आणलेल्यातलं निम्मं ती "ह्ये वलं हाय, जळायचं न्हाय" म्हणत फेकून देत होती.

भिजलेलं वाळायला दोन-तीन उन्हं लागतील म्हणाली, आणि पाठ फिरवून ओला पाला उन्हात पसरायला लागली. आमच्या सगळ्या बाटल्या रिकाम्या हंड्यात ओतल्या, कसाबसा तळ झाकला. तिने आत पाहिलंसुद्धा नाही.

दुपार उलटल्यावर वाडीत उतरलो. घशाला कोरड पडलेली. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. आम्हाला बघून आत गेली आणि तांब्याभर पाणी, गुळाचे खडे घेऊन आली. डोंगर उतरून आलेल्याला आधी पाणी द्यायचं, कोण-कुठले ते मागून विचारायचं, ही तिथली रीत.

"उनातानाचं आलात. वर माजी सून राब भाजतेय, दिसली का?"

तांब्या ह्यांच्या हातात होता. आमचे हे म्हणजे पडलो तरी नाक वर. लग्न झाल्यापासून 'चुकलं' हा शब्द मी ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"आजी, तुमचा राब मी विझवला," हे म्हणाले. "मला वणवा वाटला... चुकलं माझं."

म्हातारीने ह्यांच्याकडे पाहिलं. मग डोंगराकडे पाहिलं. जिथे धूर दिसायला हवा होता तिथे काहीच नव्हतं. आता ही तांब्या काढून घेणार, असं मला वाटलं. घेतला असता तर फार बरं झालं असतं.

"आदी पानी पी," ती म्हणाली. "घसा सुकलाय तुजा."

हे प्यायले. मग एकेक करून आम्ही सगळे. तांब्या रिकामा झाला की ती आत जाऊन भरून आणायची. शेवटच्या वेळी आतून हंड्याच्या तळाला तांब्या खरवडल्याचा आवाज आला... आणि तरीही तिने तो माझ्यापुढे धरला. नको म्हणायची आमची लायकी उरली नव्हती.

त्या वर्षी त्यांच्या घरी भात किती झालं, मला माहीत नाही. विचारायला जायचं ठरवलं होतं दोघांनी, पण त्या वाडीत पुन्हा तोंड दाखवायचा धीर झाला नाही.

आजी, पाणी गोड होतं तुमचं. मला ते नीट गिळता आलं नाही, एवढंच.