आधी अज्जीला, मग चहाला

जिथं दहा-बारा माणसं दिवसभर एका फोनच्या घंटीकडं कान लावून बसतात, तिथं गोष्टी साठणारच. आग काही रोज लागत नाही. लागूही नये. पण आम्हाला मात्र रोज तयार राहावं लागे. पितळ घासा, पाइप धुवा, पाइप स्टेशनाच्या मनोऱ्यावर वाळत घाला, आणि मग बसा! बसलं की एक जण काहीतरी सांगणार, दुसरा म्हणणार, "अरे, हे काहीच नाही, माझं ऐक." त्या वाळत घातलेल्या पाइपांसारखंच होतं. एक ओढावा, तर दुसऱ्याचं टोक गुंतून खाली येतं.

मी बेंगळुरूत आगीच्या बंबावर होतो. पन्नास आणि साठच्या सालांतली गोष्ट. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण गल्लीत आणि स्टेशनात कन्नड. तेव्हा बोलताना मधेच एखादा कन्नड खडा लागला तर सांभाळून घ्या. आणि शाळेचं म्हणाल, तर शाळा मी आतून एकदाच बघितली. तिच्या छपराला आग लागली होती तेव्हा!

माझे किस्से बहुतेक एकीचेच आहेत. तिचं नाव अज्जी, म्हणजे आपली आजी.

अज्जी म्हणजे आमच्या स्टेशनातला सगळ्यांत जुना बंब. माझ्या भरतीच्या कितीतरी आधी विलायतेहून बोटीनं आलेली. डोक्यावर छप्पर नाही, बाजूला दारं नाहीत. आम्ही दोन्ही अंगांच्या फळ्यांवर उभे, दांडी धरून लटकलेले. सायरन नाही. पुढं ही एवढी पितळी घंटा, तिला दोरी. पाठीवर लाकडी शिडी. अंगानं मात्र सडपातळ, जुन्या काळच्या बायका असायच्या तशी.

तिचा ड्रायव्हर मुनियण्णा. देवनहळ्ळीकडचा, काळासावळा, भरघोस मिशांचा. दिवसाला दहा शब्द बोलायचा. त्यांतले आठ अज्जीशी!

*

आता कुणाला पटणार नाही, पण तेव्हा बेंगळुरूची थंडी म्हणजे थंडी होती. सकाळी अज्जीचं इंजिन दगड होऊन बसे. हँडल मारून मारून आमचे खांदे निखळायची वेळ, पण बाई हूं की चूं करायची नाही.

म्हणून मुनियण्णानं एक रीत पाडली होती. सकाळी चुलीवर हंडाभर पाणी तापायचं. त्यातली पहिली बादली अज्जीच्या रेडिएटरमध्ये. उरलेल्या पाण्याचा आमचा चहा.

नवे साहेब बदलून आले, त्या दिवशी गारठा जास्तच होता. हंडा उकळलेला बघून साहेब हात चोळत म्हणाले, "वा! आधी चहा टाका."

मुनियण्णा बादली घेऊन सरळ त्यांच्यासमोरून गेला.

"अहो ड्रायव्हर, मी चहा म्हणालो!"

"साहेब," मुनियण्णा पाणी ओतत म्हणाला, "आपण गार असलो तरी आपल्याला पळता येतं. तिला येत नाही."

साहेब भला माणूस. रागावले नाहीत. उलट दुसऱ्या दिवसापासून हजेरीत त्यांनी एक नाव वाढवलं. आमची सगळ्यांची नावं झाली की शेवटी ते विचारायचे, "अज्जी?"

मुनियण्णा तिच्या बॉनेटवर तळवा ठेवायचा आणि मोठ्यानं सांगायचा, "बिसि!"

बिसि म्हणजे गरम. म्हणजे फोन आला तर बाई एका हँडलात उठणार. मग आम्हाला चहा.

*

आयुधपूजेला आमच्याकडं हत्याराला, यंत्राला, गाडीला सुट्टी. पूजा करायची आणि हात लावायचा नाही. पण आगीला कोण सांगणार?

त्या वर्षी आम्ही अज्जीला न्हाऊ-माखू घातलं. पुढं दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधले, झेंडूच्या माळा घातल्या, बॉनेटभर हळदकुंकू. चाकांखाली लिंबं ठेवून कोहळा फोडायला उचलला, एवढ्यात फोन! गावाबाहेर गवताच्या गंजी पेटल्या होत्या. आज जिथं जे. पी. नगर आहे ना, त्या अंगाला. तेव्हा तिथं रागीची, म्हणजे नाचणीची, शेतं होती.

केळी सोडायला वेळ कुठला? तशाच निघालो. घंटा घणघणतेय, केळीची पानं फडफडताहेत, माळा उडताहेत. एरवी घंटा ऐकली की लोक बाजूला पळायचे. त्या दिवशी मात्र हात जोडून रस्त्याच्या मधोमध उभे! त्यांना वाटलं, कुठल्या तरी देवीची स्वारी निघालीय. एकानं तर पुढच्या चाकासमोर नारळ फोडला. मी ओरडतोय, "आग! आग!" आणि लोक म्हणताहेत, "अम्मा! अम्मा!"

एका वळणावर एक म्हातारी ओवाळायचं ताट घेऊन आडवीच आली. मुनियण्णानं ब्रेक मारला.

"अवो अक्का, आधी आग विझवून येतो, मग ओवाळा," तो म्हणाला.

दोन गंजी गेल्या, बाकीच्या वाचवल्या. परत यायला दुपार उलटली. त्या वळणावर म्हातारी तिथंच उभी. ताट हातात, निरांजनात नवी वात!

"विझली का?" तिनं विचारलं.

"विझली."

"मग उतरा खाली. तुमची नाही, तिची आरती आहे."

*

हा किस्सा माझ्या चुकीचा आहे, म्हणून लवकर उरकतो.

तळ्यातून पाणी ओढायचं तर पाइपाच्या तोंडाला आधी जाळी बसवावी लागते. नाहीतर गाळ आत जातो. एकदा एका मोठ्या सोवळ्या घराच्या मागच्या बाजूला आग लागली. शेजारीच तळं. घाईघाईत मी पाइप पाण्यात टाकला आणि जाळी राहिली हातात!

अज्जीचा पंप म्हणजे काय विचारता! गाळ, शेवाळ, सगळं ओढून तिनं धारेला लावलं. आग विझली खरी. पण धूर निवळल्यावर बघतो तर स्वयंपाकघरात, देवळीत, लोणच्याच्या बरणीवर बोटबोटभर मासे तडफडताहेत!

घरातली आजीबाई कपाळाला हात लावून बसली. "आगीनं स्वयंपाकघर जाळलं असतं तरी चाललं असतं रे! आता हे धुऊ कसं?"

मी घाबरून म्हणालो, "अम्मा, आणखी पाणी मारतो."

ती किंचाळली, "अरे, तेच पाणी नको!"

पुढं बरीच वर्षं, जेवायच्या पंगतीत मुनियण्णा माझ्यासमोर जाळी आणून ठेवायचा. "शिंदे, आधी ही लाव. मग जेव."

*

मग नवा बंब आला. लालभडक, बंद केबिन, काचा, सायरन, आणि बटण दाबलं की चालू! त्याचा ड्रायव्हर फ्रान्सिस. पोरगेला, हसरा, चांगला गडी. पण नव्या गाडीची थोडी हवा डोक्यात जाणारच.

"मुनियण्णा, माझी बघ, एका बोटानं उठते," तो म्हणाला.

"उठेल की," मुनियण्णा म्हणाला, "तिची अजून कुणाशी ओळख कुठं झालीय?"

आम्ही हसलो. पण मुनियण्णा हसला नाही. दोन बंबांना जागा होती एकच, हे त्यालाही दिसत होतं.

पुढच्याच महिन्यात वरच्या ऑफिसातून एक तपासनीस आले. त्यांनी अज्जीला मुद्दाम रात्रभर गार ठेवायला लावलं. सकाळी गरम पाणी घालू दिलं नाही. मुनियण्णानं हँडल मारलं. एकदा, पाचदा, वीसदा. त्याच्या कपाळावरचा घाम बॉनेटवर टपटपायला लागला, पण अज्जी उठली नाही. तपासनिसांनी कागदावर लिहिलं, "निकामी."

हजेरीच्या वहीतून तिचं नाव खोडलं. जुनं लोखंड घेणाऱ्या व्यापाऱ्याला कळवलं. मुनियण्णा साहेबांकडं गेला आणि म्हणाला, "ती ज्या दिवशी फाटकाबाहेर जाईल, त्या दिवशी माझं हेल्मेट या टेबलावर ठेवीन." बोलून निघून आला. दहा शब्दांचा माणूस तो. त्यातला एक वाया घालवायचा नाही, हे आम्हाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी हजेरी घेतली. आमची नावं झाली. साहेबांनी वही मिटली.

पाठीमागून आवाज आला, "बिसि!"

बघतो तर मुनियण्णाचा तळवा बॉनेटवर, आणि रिकामी बादली पायाशी.

साहेब हळूच म्हणाले, "मुनियण्णा, मी विचारलं नव्हतं."

"तिनं सांगितलं, साहेब."

साहेबांनी वही उघडली, पुन्हा मिटली. "सरी, बरं तर," म्हणाले. "चहा टाका."

*

जुनं लोखंड घेणारे शेट्टर आले ते एका सोमवारी, सकाळी दहाच्या सुमाराला. पांढरं धोतर, बारीक अंगकाठी, हातात छत्री. जुन्या लॉऱ्या मोडून विकणं हा त्यांचा धंदा. छत्रीच्या टोकानं पत्र्यावर टकटक करायचे आणि आवाजावरून सांगायचे, माल कसा आहे. अज्जीच्या अंगावर चार ठिकाणी टकटक केली आणि खूश झाले.

"जुनं लोखंड! असं आता कोण घालतो?" म्हणाले. कागदावर सह्या झाल्या. शेट्टरांच्या लॉरीला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक अज्जीला.

मुनियण्णा हेल्मेट काखेत घेऊन साहेबांच्या दाराशी उभा राहिला.

तेवढ्यात फोन. चिकपेटला कापडाच्या दुकानाला आग! फ्रान्सिस एका बोटानं नवा बंब चालू करून निघाला. आम्ही बाकीचे मागं थांबलो. पंधरा मिनिटांत परत फोन. नवा बंब गल्लीच्या तोंडाशीच अडकलाय. अंगानं रुंद, आत जाईना. आणि वरच्या मजल्यावर दोन शिंपी अडकलेत. जिना पेटलाय.

साहेबांनी अज्जीकडं बघितलं. मग शेट्टरांकडं. अज्जी आता आमची नव्हतीच! सह्या वाळल्या होत्या.

मुनियण्णा शेट्टरांपुढं गेला. "शेट्टरे, गाडी तुमची. दोन तास उसनी द्या."

आगीचा बंब कुणी भंगारवाल्याकडून उसना मागितल्याचं तुम्ही ऐकलंय? शेट्टर गोंधळले. "पण ही चालते कुठं? निकामी आहे ना?"

मुनियण्णानं बॉनेटवर तळवा ठेवला. "बिसि."

मी दोर सोडला. एक हँडल. बाई अशी गरजली, की शेट्टरांच्या हातातली छत्री पडली!

"थांबा, थांबा!" शेट्टर ओरडले. "माझी गाडी आहे, मी तिला एकटी सोडणार नाही!" आणि धोतर खोचून माझ्या शेजारी फळीवर चढले. त्यांना धरायला काहीतरी हवं, म्हणून मी घंटेची दोरी त्यांच्या हातात दिली.

चिकपेटच्या त्या गल्ल्या तुम्हाला माहीत आहेत. दोन्हीकडं कापडाची दुकानं, गठ्ठे रस्त्यावर. वरून लोक साड्यांची बोचकी खाली फेकताहेत. मुनियण्णानं अज्जीला आत घातलं. डावीकडं वीतभर जागा, उजवीकडं वीतभर. आम्ही पोटं आत ओढून उभे. मुनियण्णा तिच्याशी सारखा बोलत होता, "स्वल्प, अव्वा, स्वल्प." म्हणजे थोडंच राहिलं, आई, थोडंच. आणि शेट्टर? शेट्टर डोळे घट्ट मिटून घंटा बडवत होते!

लाकडी शिडी लावली. मी वर गेलो. पहिला शिंपी उतरवला. दुसरा म्हणे, "माझं मशीन!" त्याला मशीनसकट उतरवावं लागलं. माझ्या पायाखालची शेवटची पायरी करपली होती, हे खाली आल्यावर कळलं. दुपारपर्यंत अज्जीचा पंप क्षणभर थांबला नाही.

परत आलो तेव्हा शेट्टरांचं धोतर काळं, तोंड काळं आणि आवाज पूर्ण बसलेला. साहेबांनी त्यांना पाणी दिलं. मग कागद पुढं केला. "शेट्टरे, गाडी आणली. घेऊन जा."

मुनियण्णानं हेल्मेट काढून काखेत धरलं.

शेट्टरांनी छत्री उचलली. टकटक केली नाही. बॉनेटवर तळवा ठेवला आणि झटक्यात मागं घेतला. इंजिन खरंच तापलेलं होतं.

"बिसि आहे," ते बसक्या आवाजात म्हणाले. "गरम लोखंड मी उचलत नाही. गार झाली की येतो."

दोर गुंडाळला, लॉरीत टाकला आणि गेले.

बोलल्याप्रमाणं पुढच्या वर्षी आले, आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी. हातात झेंडूची माळ. पूजेच्या आदल्या दिवसापासून अज्जीला कुणी चालू केलं नव्हतं, रीतच तशी. चूलसुद्धा तिच्यासाठी पेटली नव्हती. मी पितळ घासायला बसलो होतो. माझ्या हाताखाली तिचा पत्रा विहिरीतल्या घागरीसारखा गार होता.

मुनियण्णा बाजूला उभा. साहेब दारात.

शेट्टरांनी माळ घातली. तळवा बॉनेटवर ठेवला. चटका बसल्यासारखा हात झटकला, बोटांवर फुंकर मारली.

"अजून गरम आहे हो," म्हणाले, आणि चहा प्यायला आत गेले.