वैजनाथाच्या डोंगरावर मुंग्या शोधताना

मुंग्या धरायला डोंगर चढतो म्हणालो तेव्हा तंबाखूच्या वखारीतली सगळी हसली. आमच्या निपाणीत माणूस तंबाखूत जन्मतो आणि शिंकत मोठा होतो, तो डोंगर कशाला चढेल? पण बेळगावच्या कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं, पायथा, मध्य आणि माथा, तिन्हीकडच्या मुंग्या आण; नोंद चोख असली तर प्रयोगशाळेत मदतनीसाची जागा तुझी. नाहीतर वडिलांच्या शेजारी वखारीत बसायचं होतंच.

लढाईमुळे पेट्रोल नाही, सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. जाणाऱ्यांनी चढावर उतरून ढकलायची तयारी ठेवावी. संकेश्वरला चहा घेतला आणि पानात बांधलेला ताजा गूळ. साखर रेशनवर, तेव्हा मुंग्यांनाही गुळावरच भागवायचं होतं. बेळगावात धर्मशाळेत राहिलो आणि पहाटे वैजनाथाच्या पायथ्याच्या देवरवाडीची वाट धरली. शिधा सोबत असू द्या, वाटेत खानावळ नाही.

पायथ्याशी झाडाखाली गूळ ठेवला. लाल, काळ्या, केसासारख्या बारीक, टपोऱ्या डोक्याच्या, इतक्या तऱ्हेच्या मुंग्या आल्या की काचेच्या नळ्या पुरेनात. अर्ध्या चढावर देवळाजवळ तऱ्हा कमी झाल्या. माथ्यावर पोचेपर्यंत संकेश्वरचा गूळ संपला (थोडा मीच खाल्ला, खोटं कशाला बोलू), म्हणून घरून पिशवीत आणलेला गुळाचा खडा काढला. वारा नुसता भणाणत होता. तासभर बसलो तरी एक मुंगी फिरकली नाही. उंचीवर जाती घटणार हा सरांचा अंदाज होताच. मी खुशीत वहीत लिहिलं, 'माथ्यावर मुंगी नाही.'

शेजारी गवत कापणाऱ्या एक आक्का मघापासून माझा खेळ बघत होत्या. त्यांनी खडा उचलून हुंगला.

"अण्णा, ह्याला तंबाखूचा वास मारतंय. कणगीला मुंगी लागू न्हाय म्हणून आमी तंबाखूच ठेवतो की."

पिशवी वडिलांची, वखारीतली. मला काही वास आला नव्हता. आक्कांनी शिदोरीतला आपला गूळ दगडावर ठेवला. मी बघत बसलो. थोड्या वेळाने गवतातून एक काळी मुंगी आली, मग तिच्यामागून रांग, आणि नंतर पिवळसर बारीक अशा दुसऱ्या. दोनच जाती, पण होत्या. जीव भांड्यात पडला. खोटी नोंद घेऊन मी खाली उतरलो असतो.

बेळगावात सरांनी वही उघडली आणि खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. मी सगळं सांगून टाकलं, जागा गेली असंच धरून. ते म्हणाले, "खोडलेलं तसंच राहू दे. पहिल्या तारखेपासून ये."

परतताना मोटार दोनदा ढकलली, पण अंग हलकं वाटत होतं. घरी वडिलांना सगळी हकिकत सांगितली. त्यांनी पिशवी नाकाशी धरली, बराच वेळ.

"मला तर कसलाच वास येत न्हाय रं," म्हणाले.