पाय दाखव

"पाय वर कर रे," सर म्हणाले.

मी केला. एका पायावर उभा राहिलो. सरांनी माझा घोटा पकडला, तळवा पोरांकडं फिरवला आणि बोटानं टाचेवर टकटक वाजवलं. दारावर वाजवावं तसं.

"बघा. वाजतंय बघा. हे बूटच आहेत. देवानं दिलेले. याला आपण काय बूट देणार?"

सगळी टीम हसली. मीही हसलो. मी तर सगळ्यात जोरात हसलो.

त्या सकाळी आमच्या लातूरच्या कॉलेजात फुटबॉलच्या बुटांची खोकी आली होती. खेळाच्या खोलीत नव्या कातड्याचा वास कोंडला होता. असा वास मी त्याआधी फक्त देगलूरच्या बाजारात, दुकानाच्या बाहेर उभं राहून घेतला होता. खेळणारे आम्ही अकरा. खोकी सात. मला वाटलं, चार जोड कमी आले. कमी आले नव्हते. तेवढेच मागवले होते.

पुढं खेळणाऱ्यांना मिळाले, मधल्यांना मिळाले, गोलीला मिळाले. मागच्या चौघांना नाही. मागचे चौघं म्हणजे मी, देगलूरकडच्या एका खेड्यातला बौद्धाचा पोरगा. उदगीरचा युसूफ, त्याचे अब्बा धान्याच्या मोंढ्यात पोती वाहायचे. औश्याचा एक वडाराचा पोरगा आणि एक मातंग वस्तीतला. सरांनी कुणाची जात विचारली नव्हती. सर पुण्याकडून आलेले, नवीन. ते जातीचं नावही काढत नसत. त्यांनी फक्त कोण किती मार खाऊ शकतं ते बघितलं आणि आम्हाला मागं उभं केलं.

खोलीवर आल्यावर युसूफ म्हणाला, "हमारे बाजार में बैल का खुर ऐसेच देखते भई. दाम बढ़ गया तेरा."

त्यावरही मी हसलो.

आता खरं सांगतो. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. आमच्या गावात किराणा दुकानदार आमच्या हातात पुडी देत नसे. ओट्यावर ठेवायचा, आम्ही उचलायची. आणि इथं एवढा शिकलेला माणूस, पांढऱ्या कपड्यातला, सगळ्यांच्या देखत माझा पाय हातात घेतो. मातीनं भरलेला पाय. मला वाटलं, हा मान आहे. त्या रात्री अंथरुणात मी माझी टाच हातानं चाचपून बघितली.

मी आभारी होतो. त्या काळात मी सारखा आभारीच असायचो. होस्टेलमधली खाट सरांच्या शब्दावर मिळाली होती. मेसची थाळी त्यांच्या शब्दावर. अकरावीच्या वर्गात बसत होतो तेही त्यांनीच प्राचार्यांना सांगितलं म्हणून. सरांनी कधी ते बोलून दाखवलं नाही. गरज नव्हती. मलाच सारखी धास्ती असायची. माझी ट्रंक मी कधी पूर्ण उघडली नाही. लागेल तेवढं काढायचं, परत कडी लावायची. कोण कधी ऊठ म्हणेल, काय सांगावं.

ते दिवस असे होते की दुष्काळ आणि जिल्हा लातुरात बरोबरच आले. उस्मानाबादेतून तुटून लातूर नवा जिल्हा झालेला. भाड्याच्या इमारतींत कचेऱ्या लागत होत्या, पाट्यांवरचा रंग ओला असायचा. आणि त्याच पाट्यांखाली बायका घागरी लावून बसलेल्या. नळ कधी येईल त्याचा नेम नाही. आभाळ कोरडं. मैदानाचा मुरूम असा तापायचा की खाली बसवत नसे.

त्या मुरमावर सर आम्हाला घडवत होते.

"गोल करणं सोपं आहे," ते म्हणायचे. "सामना मागं जिंकला जातो. मला मागं भिंत पाहिजे."

आमचं नावच भिंत पडलं. आम्ही चौघांनी हात पाठीमागं बांधून उभं राहायचं आणि पुढच्या पोरांनी नवे बूट घालून जवळून चेंडू मारायचा. छातीवर, पोटावर, तोंडावर, जिथं बसेल तिथं. डोळे मिटले की परत. आमचा कॅप्टन आडत्याचा पोरगा होता, पाय लई चांगला. तो मारायच्या आधी ओरडायचा, "सरकू नको रे भिंती!" मी कळवळलो की म्हणायचा, "आयला, भिंतीला दुखतंय होय?"

मग सर पाय रोवायला शिकवायचे. "टाच जमिनीत घाल. गुडघा ढिला. समोरच्यानं धक्का दिला, ओढलं, लाथ घातली, तरी पाय हलता कामा नये." आणि ते स्वतः खाली वाकून एकेकाचा घोटा धरून ओढायचे. सुरुवातीला मी पडायचो. मग हेलपाटायचो. मग एक दिवस सरांनी दोन्ही हातांनी ओढलं तरी माझा पाय हलला नाही. सरांना घाम फुटला. "शाबास," ते म्हणाले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. शाळेतसुद्धा कुणी दिली नव्हती.

एकदा कॅप्टनच्या बुटाखाली माझा अंगठा आला. बुटाला खाली खुंट्या असतात. नख उपटून बाजूला लोंबायला लागलं.

"सर, बोट फुटलं."

"माती लाव. तुम्ही लोकं चिवट असता. शहरातला पोरगा असता तर आठ दिवस झोपून राहिला असता."

मी माती लावली. परत भिंतीत उभा राहिलो. पाण्याच्या डेऱ्याकडं आधी पुढची पोरं जायची. आम्ही गेलो की सर हसून म्हणायचे, "तुम्हाला घाई काय रे? तुम्हाला तहानेची सवय आहे." डेरा शेवटी हलवून बघावा लागायचा, आत काही आहे का.

पण आम्ही जिंकत होतो, हेही खरं आहे. नांदेडची टीम आली. चांगली टीम, अंगापिंडानं दणकट. शेवटपर्यंत त्यांचा एक गोल होऊ दिला नाही आम्ही. कॅप्टननं एक गोल मारला आणि पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन कॉलेजला फेरी मारली. आम्ही चौघं मागून चालत होतो. खांद्यावर घ्यायला कुणीतरी आणि मागून चालायला कुणीतरी लागतंच, असं मला तेव्हा वाटत होतं. सरांनी आमच्या पाठीवर हात ठेवला. "माझी भिंत," म्हणाले. तेवढ्यावर मी आठवडाभर जगलो.

मग माय आली.

माय आमच्या गावाजवळ रोजगार हमीच्या कामावर होती. तलावाचं काम, बायकांनी खडी फोडायची. बाप निजामाबादकडं वीटभट्टीला गेलेला. माय उदगीरवरून एसटीनं आली, होस्टेलच्या फाटकापाशी लिंबाच्या सावलीत बसली. भाकरी सोडली. मी समोर बसलो आणि पाय आखडून घ्यायला विसरलो.

"हे काय रं बाबू?"

"खेळताना होतंय माय."

"समद्यांला होतंय?"

"न्हाई. त्यांला बूट हायेत."

"अन् तुला?"

"सर म्हणतेत, मी लई चिवट हाय. मला लागत न्हाईत."

हे मी अभिमानानं सांगितलं. मायचा घास हातातच राहिला. मग ती हसली. चांगलं हसणं नव्हतं ते.

"चिवट म्हणतोय व्हय? आमचं मुकादम बी तेच म्हणतंय. खडी फोडणाऱ्या बायांला सावली करा म्हणून वरून कापड आलं. तर म्हणतंय, ह्या बाया लई चिवट, ह्यांला सावली कशाला? अन् नेऊन आपल्या जीपवर घातलं कापड. जीप सावलीत अन् आम्ही उनात." तिनं घास खाली ठेवला. "एकडाव चिवट म्हणलं का काय बी देवं लागत न्हाई, बाबू. लई सस्ताईचं काम हाय."

मला राग आला. सरांचा नाही, मायचा. म्हणालो, "सर तसे न्हाईत. सरांनी खाट दिली मला."

"खाट दिली म्हणून पाय देऊन टाकलास का?"

 तिनं तिचा पाय चपलेतून काढून माझ्या पायाशेजारी ठेवला. सारख्याच भेगा. सारखीच टाच. कुणी दोन्हीवर टकटक केलं असतं तर आवाजही सारखाच आला असता.

जाताना मात्र घाबरली. एसटीत चढता चढता म्हणाली, "भांडू नको कुणाशी. शाळा शिक. तेवढं एक पदरात पाड." एसटी गेल्यावरही मी तिथंच उभा होतो.

त्यानंतर मला हसता येईना. सर शाबास म्हणाले की मुकादमाची जीप दिसायची. न पाहिलेली जीप. तिच्यावर घातलेलं कापड दिसायचं.

नव्या जिल्ह्याच्या आनंदात कॉलेजनं एक सामना ठेवला. मोठे अधिकारी येणार होते. मांडव, कमान, लाऊडस्पीकर. धूळ उडू नये म्हणून मैदानावर टँकरनं पाणी मारलं. ओल्या मुरमाचा वास सुटला होता आणि कंपाउंडच्या पलीकडं बायका रिकाम्या घागरी घेऊन ते बघत होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

आम्ही रांगेत उभे राहिलो. सात जण बुटात, चौघं अनवाणी. साहेब हात मिळवत मिळवत आले. सर शेजारून ओळख करून देत होते. माझ्यापाशी आले आणि सरांचा चेहरा खुलला.

"साहेब, ही आमची भिंत. दुष्काळातली पोरं आहेत, दगडासारखी. याचा पाय बघाच तुम्ही. पाय वर कर रे."

मी उभा राहिलो.

"अरे, पाय दाखव साहेबांना."

"न्हाई," मी म्हणालो.

सरांना वाटलं, ऐकू आलं नाही. ते हसत हसत खाली वाकले आणि माझा घोटा धरला. ओढला. मी टाच जमिनीत घातली. गुडघा ढिला सोडला. सरांनीच शिकवलेलं. त्यांनी दुसरा हात लावला. ओढलं. पाय हलला नाही.

लाऊडस्पीकर कुणीतरी बंद केला होता की मलाच ऐकू येत नव्हतं, माहीत नाही. सर खाली होते, मी वर. त्यांच्या डोक्यावरचे विरळ झालेले केस मला पहिल्यांदाच दिसले. त्यांचा श्वास माझ्या नडगीला लागत होता. साहेब म्हणाले, "राहू द्या हो, राहू द्या."

"हात काढा सर," मी म्हणालो.

ते उठले. तोंड लालभडक. दातावर दात धरून हळूच म्हणाले, "खेळायचंय की नाही तुला?"

"खेळायचंय. बूट द्या."

"काय?"

"त्यांला दिले तसे. चौघांला द्या. मग खेळतो."

"बाहेर हो," सर म्हणाले. मग वळून, परत हसरा चेहरा करून, "युसूफ, तू दाखव रे साहेबांना."

युसूफनं माझ्याकडं बघितलं नाही. त्यानं पाय वर केला. सरांनी त्याच्या टाचेवर टकटक वाजवलं. साहेब कसनुसं हसले. मी युसूफला तेव्हाही दोष दिला नाही, आज तर नाहीच. त्याचीही एक खाट होती.

मी मैदान ओलांडून बाहेर गेलो. ओल्या मुरमात माझी पावलं उमटत होती. मागून कॅप्टनचा आवाज आला, "भिंत चालली बघा!" काहीजण हसले. या वेळी मी हसलो नाही.

खाट त्याच संध्याकाळी गेली. होस्टेलचे रेक्टर दारात उभे राहून म्हणाले, "सरांनी सांगितलंय. मी काय करणार?" ट्रंक बांधलेलीच होती. नंतर प्राचार्यांना भेटलो, तर म्हणाले, "खेळाडू म्हणून प्रवेश होता बाबा तुझा." शाळा तिथंच संपली. पुढं कधी जमलं नाही.

गावी गेलो. मायनं शाबास म्हटलं नाही. "भांडू नको म्हणलं होतं ना," म्हणाली आणि तोंड फिरवून रडली. तिला शाळा पाहिजे होती. मला दोन्ही पाहिजे होतं, शाळा आणि पाय. दोन्ही मिळायला पाहिजे होतं. ते एकाच्या बदल्यात एक का द्यायला लावतात, याचा राग माझ्यात आजही तसाच गरम आहे आणि तो निवू देणार नाही मी.

आज मी लांब गुजरातेत आहे, रसायनाच्या कारखान्यात. घर दोन दिवसांच्या वाटेवर. अजूनही नवीन खोलीत गेलो की ट्रंक पूर्ण उघडत नाही. कुणी चहा दिला तरी आभार तोंडातून लगेच निघतात, थांबवता येत नाहीत. तो धाक अंगातून गेलेला नाही.

पण मागच्या महिन्यात ठेकेदारानं हातमोजे वाटले. कायमच्या लोकांना दिले. आमच्या मराठवाड्याच्या पोरांपाशी आला आणि हसून म्हणाला, "तुम लोग तो बड़े टिकाऊ हो भाई. तुमको क्या ज़रूरत?" माझ्या शेजारचा पोरगा नांदेडकडचा, नवीनच आलेला. तो हसला. त्याला बरं वाटलं होतं. मी ते हसणं ओळखतो.

मी त्याचा हात धरला आणि यंत्रापासून बाजूला घेतला. आमचे सगळे बाजूला झाले. यंत्र बंद. ठेकेदार म्हणाला, "क्या हुआ?"

"हातमोजे आण," मी म्हणालो. "तोवर आम्ही इथंच उभे आहोत."

टाच जमिनीत घातली. गुडघा ढिला सोडला.

चिवट आहोत आम्ही, ते खोटं नाही. तो चिवटपणा आता मार खाताना दिसणार नाही. मागताना दिसेल.