रघूची तीन पेडलांची गाडी

रघूचा मला आलेला शेवटचा निरोप म्हणजे एक प्रश्नच होता. ‘दिन्या, नव्या मॉडेलचा आवाज ऐकलास का? मिक्सरवानी वाटतोय का रं?’ सोबत कुणीतरी रस्त्यावर काढलेला एका मोटारीचा व्हिडिओ. मी साताऱ्यात जेवून आडवा झालो होतो. तसाच ऐकला आणि कळवलं, ‘मिक्सर कुठला, शिलाई मशीन म्हण.’ त्यावर त्याचा हसरा चेहरा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी विट्याहून सुमनवहिनींचा फोन. ‘भावजी, ह्यास्नी चहाला उठवाय गेले तर... उठलंच न्हाईत.’ आता दोनेक महिने होत आले. माणसं भेटायला आली, गेली, त्याच्याबद्दल चांगलं बोलली. पण मला मात्र त्याच्याविषयी एकाच गोष्टीचं कुतूहल अजून सतावतं, आणि ते कुणी विचारतच नाही. डावा पाय निकामी होत चाललेल्या माणसानं, डाव्या पायाशिवाय जी चालतच नाही अशी गाडी घेतलीच का?

रघू आणि मी विट्याच्या शाळेत एका बाकावर होतो. मी पुढे कोयनानगरला प्रकल्पाच्या कार्यशाळेत चिकटलो आणि तिथूनच निवृत्त होऊन साताऱ्यात राहिलो. रघू आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मिसरूड फुटायच्या आत गलाईच्या धंद्यात गेला. जुनं सोनं वितळवायचं, त्यातलं हिणकस काढायचं आणि शुद्ध करून द्यायचं, हा तो धंदा. देशातल्या कुठल्याही शहरातल्या सराफ कट्ट्यात जा, एखाद्या बोळात आमच्या भागाची मराठी कानावर पडणारच. रघू कोइमतूरला पोचला. आधी मामाच्या दुकानात हाताखाली, मग लग्न झाल्यावर स्वतःची एक खोली. पुढे भट्टी, मागे संसार. गडी ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून सुमनवहिनीच त्याच्या जोडीला भट्टीपाशी बसत. त्या शहराबाहेर गाड्यांच्या शर्यती होत. रविवारी दुकान बंद असलं की हा कुंपणाबाहेर उभा राहून आवाज ऐकायचा. आत जायला तिकीट लागायचं, ऐकायला लागायचं नाही, असं तो म्हणायचा. गावी आला की मला मोटारींची नक्कल करून दाखवायचा. कुठल्या वळणावर गिअर कसा उतरतो, चढावर इंजिन कसं घोगरं होतं... आम्ही पोट धरून हसायचो. तीस-पस्तीस वर्षं त्यानं हे वेड असंच तोंडानं भागवलं.

दुकान पोराच्या हवाली करून तो विट्याला परतला, घर बांधलं, आणि आता जरा निवांत म्हणतो तोवर डावा पाय दगा द्यायला लागला. आधी चप्पल निसटायची, मग पायरीवर बोटं अडकायची. मिरजेच्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला. हळूहळू वाढेल, किती हळू ते सांगता येत नाही, असं म्हणाले. रघूनं त्यांनाच विचारलं, ‘मंग आधी काय जातंय, पाय का हात?’ डॉक्टर म्हणाले, ‘बहुतेक पाय.’ बाहेर आल्यावर उसाच्या रसाच्या गाड्यावर ग्लास हातात धरून हा मला म्हणतो, ‘दिन्या, आता गाडी घेतली पायजे.’ मला वाटलं, दवाखान्यात जायला-यायला म्हणत असेल. त्याला हवी होती दोन दारांची, दोन सीटांची, जमिनीला पोट टेकवणारी शर्यतीच्या जातीची गाडी! ‘आता न्हाई तर कवा?’ म्हणाला.

पुण्याच्या शोरूमला आम्ही दोघं गेलो तेव्हा खरा पेच उभा राहिला. त्या गाडीचं चालू मॉडेल बंद होणार होतं. एकच शिल्लक होती, हळदीसारखी पिवळीधमक. नवं मॉडेल दिवाळीनंतर यायचं होतं आणि त्याची नोंदणी सुरू झाली होती. शोरूममधल्या बाई सरळ मनाच्या. त्यांनी रघूचं चालणं पाहिलं आणि म्हणाल्या, ‘काका, खरं सांगू? नव्यासाठी थांबा. त्यात क्लचच नाही. डाव्या पायाला काही कामच नाही.’ मी म्हटलं, झालं, देव पावला. नवी घेतली तर उजव्या पायावर आणखी काही वर्षं तरी गाडी चालवता येईल. जुनी घेतली तर जेमतेम एखादा हिवाळा. यात ठरवायचं काय होतं? पण रघूनं प्रश्नांचा सपाटा लावला. नव्या गाडीत काटे का काढले, पडदा का लावला? हँडब्रेकच्या जागी बटण आलं, मग घाटात हात कुठं ठेवायचा? गिअर गाडी स्वतः टाकते म्हणजे कशावरून टाकते, तिला चढ दिसतो की ऐकू येतो? बाई बिचाऱ्या आत-बाहेर करून उत्तरं आणत होत्या. शेवटी तो म्हणाला, पिवळीत बसून बघतो. मी स्टिअरिंगकडचं दार उघडलं तर हा वळसा घालून डावीकडे गेला आणि सोबत्याच्या सीटवर बसला. उजवा हात लांब करून गिअरच्या दांड्यावर ठेवला, पुढे-मागे केला, डोळे मिटले. बराच वेळ तसाच. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी आपलं ‘त्यांना सगळं हाताळून बघायची सवय आहे’ म्हणून वेळ मारून नेली.

परतीच्या वाटेवर मी त्याच्याशी भांडलो. खंबाटकी उतरेपर्यंत भांडलो. शेवटी चिडून म्हणालो, ‘अरे, तुझा पाय आज ना उद्या...’ तोच म्हणाला, ‘बोल की. जाणार हाय पाय. मला ठावं हाय, तुला ठावं हाय, त्या बाईलाबी ठावं झालं. गाडीला ठावं नसलं म्हंजी झालं.’ कोइमतूरहून पोरानंही फोनवर समजावलं, की आप्पा, सगळं जग नवीनच्या मागं असतंय आणि तुम्ही बंद पडणारं मॉडेल घेताय. रघूचं त्याला एकच उत्तर होतं, ‘सोनं कवा नवं असतंय व्हय रं?’ आणि पिवळी विट्यात आली. औंधला यमाईसमोर नारळ फोडून आणली, तेव्हा वाटेतल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला तिचं पोट घासलं आणि प्रत्येक वेळी रघूचा चेहरा असा झाला, की घासलं ते त्याचंच. गल्लीतल्यांनी तर ‘लग्न कुणाचं? हळद लागलीया’ म्हणून थट्टा केली. त्याला त्याचं काही नव्हतं.

तो हिवाळा मात्र त्यानं वसूल केला. एकदा मला घेऊन कोयनानगरला गेला. माझा नोकरीतला रोजचा रस्ता, पण त्या गाडीतून मी तो पहिल्यांदा पाहिला, कारण डोळे रस्त्याच्या पातळीला होते. रघू मात्र एखादं गाणं ऐकावं तसा इंजिन ऐकत होता. पाटणच्या पुढे चढ लागला तेव्हा मी पाहिलं... गिअर बदलायच्या आधी तो डाव्या हातानं पँट गुडघ्यापाशी धरायचा, पाय उचलून क्लचवर ठेवायचा आणि मग तोच हात दांड्यावर न्यायचा. आपल्याच पायाला खेळण्यासारखं उचलून ठेवणं मला बघवेना. मी खिडकीबाहेर बघत बसलो. तो म्हणाला, ‘अरं, बग की, लय मजा हाय. पाय माझा हाय का परक्याचा ते कळंना झालंय.’ त्याला खरोखरच त्याचं नवल वाटत होतं, दुःख नंतर. मला मात्र दुःखच वाटलं, आणि रागही आला, की हा हट्ट कशापायी.

पुढच्या पावसाळ्यात पाय उचलणंही बंद झालं. पिवळी ताडपत्रीखाली गेली. मी मनात म्हटलं, शेवटी झालं ते हेच. विकून टाक म्हणायला मात्र जीभ रेटली नाही. मग थंडीत वहिनींनी हुरड्याला बोलावलं. मी एसटीतून फाट्यावर उतरून चालत निघालो, तर समोरून पिवळी येते आहे! स्टिअरिंगवर सुमनवहिनी. पदर कमरेला खोचलेला, चष्मा नाकावर, दोन्ही हात चाकाला घट्ट. आणि डावीकडच्या सीटवर रघू, त्याचा उजवा हात गिअरवर. माझ्याजवळ येताना उघड्या काचेतून त्याचा आवाज आला, ‘दाब.’ वहिनींनी क्लच दाबला. त्यानं गिअर उतरवला. ‘सोड.’ त्यांनी सोडला. लोण्यातून सुरी जावी तशी गाडी मंद झाली आणि माझ्यापाशी थांबली.

वहिनींनी विट्याच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊन रीतसर लायसन काढलं होतं. गिअर त्यांनाही टाकता येत होता. पण पिवळीचा गिअर रघूनं त्यांच्या हाती कधी दिलाच नाही. मी विचारलं, ‘वहिनी, भीती नाही वाटत?’ त्या हसल्या. ‘आवं भावजी, आमाला हे काय नवं हाय? दुकानात भट्टीचा भाता पायानं मीच दाबायची. ह्ये सोन्याचा रंग बघून म्हणायचं, दाब... सोड... वाईच दाब. तेवीस वर्सं तेच केलं. ह्यांची नजर आन् माझा पाय. आता नजरंच्या जागी कान आला, एवढंच.’ हुरडा खाताना मी रघूला गाठलं. ‘शोरूममध्ये डावीकडे बसलास, तेव्हाच हे डोक्यात होतं?’ तो कणसातले दाणे चोळत म्हणाला, ‘नव्या गाडीत उजव्या पायावर किती दिस चाललो असतो? त्योबी जायाचाच. मंग डावीकडं बसून काय करायचं रं? खिडकीतनं ऊस मोजायचा? हितं हाताला काम हाय.’ ‘म्हणजे ठरवूनच घेतलीस?’ ‘ठरवून म्हण, न्हाईतर घेतल्यावर सुचलं म्हण. तुला कसं पायजे?’ आणि दाणे माझ्या तळहातावर ओतले. यापेक्षा जास्त त्यानं कधी सांगितलं नाही. त्याला स्वतःला तरी ठाऊक होतं का, याची मला शंकाच आहे. पण पुढचं वर्षभर ती दोघं रेणावीच्या चढावर, खानापूरच्या माळावर, एकदा तर थेट कोयनेपर्यंत फिरली. त्याचा उजवा पायही गेला, आवाज खोल गेला, तरी ‘दाब’ आणि ‘सोड’ एवढं शेवटपर्यंत ऐकू येत होतं. नवऱ्या-बायकोत इतकं कमी आणि इतकं नेमकं बोलणं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा, हे सांगायला आता लाज कसली.

परवा विट्याला गेलो होतो. पोरगा कोइमतूरला परतला आहे. वहिनी एकट्याच होत्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, ‘भावजी, गाडी उभी राहून बॅटरी उतरती म्हणत्यात. बसता का जरा? फाट्यापतोर जाऊन येऊ.’ मी डावीकडे बसलो. सीट त्याच्या मापानं मागे सरकवलेली होती. मी ती तशीच ठेवली. वहिनींनी चावी फिरवली, इंजिन लागलं. त्यांनी क्लच दाबला, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि समोर बघत थांबल्या. मला वाटलं, मनात देवाचं नाव घेत असतील. इंजिन चालू, फाटक उघडं, अंगणात कोवळं ऊन... त्या थांबलेल्याच. मग समोरची नजर न काढता, रोजच्या आवाजात म्हणाल्या, ‘आवं, टाका की.’

आणि त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात चाकावरून काढला नाही, पायही उचलला नाही. मी घाईघाईनं दांडा धरला आणि पुढे लोटला. तो तिसरा गिअर होता. त्यांनी पाय सोडताच गाडीनं आचका दिला आणि बंद पडली.

‘ह्यांच्या हातनं कवा बंद पडली न्हाई,’ वहिनी म्हणाल्या. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला. चावी फिरवली, क्लच दाबला आणि दोन्ही हात चाकावर ठेवून थांबल्या. या वेळी मी दांड्यावरचे आकडे नीट बघून पहिला टाकला.