मोजणीवाले, केमिस्ट, सिस्टर आणि एक संबळ

ट्रस्टचं प्रोसिडिंग लिहायचं काम माझ्याकडं आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मीटिंग होते आणि मी रजिस्टरात लिहिते, 'सविस्तर चर्चा झाली.' या तीन शब्दांखाली काय काय गाडलंय ते एकट्या मला माहीत! खरं बोलणं रजिस्टरात घालता येत नाही आणि डोक्यातून जातही नाही. मग ते साठत जातं. कुणी मैत्रीण भेटली की मी त्यातलं एक सांगते, आणि घरी येईपर्यंत आणखी दोन आठवतात.

आमचा ट्रस्ट तामलवाडीचा. गाणं, नाच, नाटक, लोककला, जे जमेल ते करतो. नाव सांगत नाही, कारण सगळे विश्वस्त ठणठणीत आहेत आणि सगळे वाचतात.

*

नोंदणीच्या वेळी एक साहेब कागद तपासत होते. विश्वस्तांच्या यादीत नावापुढं व्यवसाय लिहायचा असतो. साहेबांनी मोठ्यानं वाचलं. अध्यक्ष डॉ. जगताप, गुरांचे डॉक्टर. देशमुख काका, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले केमिस्ट. इक्बालचाचा, जमीन मोजणीतून निवृत्त. कांबळे सिस्टर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त. शेवटी मी, शाळेत चित्रकला शिकवणारी.

साहेबांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "ट्रस्ट कलेचा आहे ना? मग कला कोण बघणार?"

डॉक्टर म्हणाले, "बघायला आम्ही सगळे आहोत साहेब. करणारं कुणी मिळालं की झालं."

*

पहिला कार्यक्रम दोन भजनी मंडळांचा आणि एका नाचाचा ठेवला होता. दोन्ही मंडळं एकाच वेळी स्टेजवर बसणार होती, आणि मधली जागा कुणाची यावरून आदल्या दिवशीच कुरबूर सुरू झाली. इक्बालचाचा म्हणाले, "इतकी काय बात आहे, मी बघतो."

सकाळी ते टेप घेऊन आले. स्टेज मोजलं, खडूनं रेघ मारली, दोन्ही बुवांना उभं करून रेघ दाखवली आणि मान्य असल्याबद्दल दोघांच्या सह्या घेतल्या. चाळीस वर्षं भावाभावांच्या बांधावर उभा राहिलेला माणूस. त्याच्या रेघेवर कोण बोलणार? भजन अगदी गुण्यागोविंदानं झालं.

पुढं नाच होता. मुलगी छान नाचत होती. एक गिरकी घेत ती रेघेच्या पलीकडं गेली, आणि चाचा पहिल्या रांगेतून उठून उभे राहिले. "बाळ, मागं ये. ती हद्द दुसऱ्याची आहे."

*

देशमुख काकांना गायनस्पर्धेचं परीक्षक केलं, ही माझी चूक. तोड सुरू करण्याआधी उसाची गोडी बघायची, तर बुडखा, मधला भाग आणि शेंडा, तिन्हीकडचा रस तपासतात. काकांनी आयुष्यभर तेच केलं. स्पर्धेतही प्रत्येक गायकाला त्यांनी सुरुवातीची एक ओळ, मधली एक ओळ आणि शेवटची एक ओळ म्हणायला लावली, आणि तिन्हींची सरासरी काढून गुण दिले.

एक गायक रागावला. तो सोलापूरहून गाडी करून आला होता. म्हणाला, मला पूर्ण गाऊ द्या. काका म्हणाले, "कशाला? नमुना मिळाला."

सातवीतल्या एका मुलीच्या नावापुढं त्यांनी गुण दिलेच नाहीत. शेरा लिहिला होता, 'माल उत्तम. अजून दोन वर्षं उभा ठेवावा.' ती मुलगी आता आमच्याकडं दर आठवड्याला गायला येते, आणि काका तिला अजूनही बुडख्यापासून ऐकतात.

*

आता नानांचं सांगते. नाना म्हणजे आमच्या गावचे गोंधळी. वय पंचाहत्तरच्या पुढं. त्यांच्यासारखं संबळ वाजवणारं आमच्या भागात मी तरी दुसरं ऐकलेलं नाही. लहानपणी त्यांचं संबळ वेशीत वाजलं की आई चुलीवरचं तसंच टाकून दारात यायची.

मागल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारले, बोलणं सुधारलं, डावा हात तेवढा मागं राहिला. संबळ म्हणजे जोड, एक उजव्या हाताचं, एक डाव्या हाताचं; नानांनी ते खुंटीला टांगलं. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याला हे येत नाही. नाना गेले की तो ढंग त्यांच्याबरोबर जाणार होता, या विचारानं मला खरंच झोप लागत नसे. मी मीटिंगमध्ये विषय काढला, की नानांनी निदान शिकवायला तरी बसावं. सविस्तर चर्चा झाली. डॉक्टरांनी उत्साहाच्या भरात संबळ वर्गाचा फ्लेक्ससुद्धा लावून टाकला. अकरा मुलामुलींनी नावं दिली. नानांना कुणी विचारलंच नव्हतं!

*

विचारायला पहिल्यांदा डॉक्टरच गेले. आता डॉक्टरांची सवय अशी, की तपासायचं जनावराला आणि विचारायचं मालकाला. त्यांचे पेशंट बोलत नाहीत, त्याला ते तरी काय करणार? ते नानांसमोर बसले, हात उचलून बघितला, आणि नानांच्या सुनेला विचारायला लागले. खाणं कसं आहे? उठताना कुठल्या अंगावर जोर देतात? संध्याकाळी जरा फिरवून आणता का?

नाना सगळं ऐकत होते. मग सुनेला म्हणाले, "डॉक्टरला सांग, लई जवळ बसू नगा म्हणावं. ह्यो मारका हाय."

*

मग इक्बालचाचांनी जबाबदारी घेतली. मोजणीला जायचं तर आधी नोटीस द्यायची, ही त्यांच्या हाडात मुरलेली रीत. त्यांनी नानांना पोस्टकार्ड टाकलं. 'येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता संबळ वर्गाबाबत आपल्या राहत्या घरी येत आहोत. आपण संबळासह समक्ष हजर राहावे.'

गुरुवारी आम्ही दोघं गेलो तर घराला कुलूप. नाना सुनेला घेऊन सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला गेले होते. दुसऱ्या दिवशी चाचांना रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "कार्ड मिळालं चाचा. गैरहजर राहिलं की मोजणी पुढं ढकलत्यात, व्हय ना?"

चाचा मला म्हणाले, "बाई, माणूस जाणकार आहे."

*

राहिल्या कांबळे सिस्टर. मीटिंगमध्ये त्या फारसं बोलत नाहीत. त्यांनी नानांना काही विचारलंच नाही. रोज सकाळी साडेदहाला त्या नानांकडं जायच्या, डाव्या हाताचा व्यायाम करून घ्यायच्या आणि निघून यायच्या. संबळाचं नाव नाही. नानांनी पहिल्या दिवशी नको म्हटलं, तर सिस्टर म्हणाल्या, "तुम्हाला विचारलं का मी?"

सिस्टर वॉर्डातल्यासारखं मोजायच्या, एक, दोन, तीन, चार. पंधरा दिवसांत नाना कावले. म्हणाले, असलं कोरडं मोजणं कानाला सोसत नाही, मोजायचंच तर संबळाच्या बोलावर मोज. सिस्टरना काय, रुग्णाला पाहिजे तसं! त्यांनी बोल लिहून घेतले, पाठ केले आणि रोज त्यावर मूठ उघडून मिटून घ्यायला लागल्या. हात जरा सैल झाला की नाना पुढचे बोल द्यायचे. असे पाच महिने गेले.

हात बराच वळला, पण पूर्ण नाही. मी एकदा धीर करून विचारलं, नाना, आता तरी शिकवाल ना? त्यांनी मान हलवली. "डावा मागं पडतोय बाई. देवीआईपुढं आयुष्यभर चोख वाजवलं. आता ह्या पोरांना लंगडं वाजवून दावू व्हय?" घरी येऊन मी रडले.

*

वर्गाचं उद्घाटन मात्र लागलेलं होतं, रविवारी सकाळी दहाला. नाना फक्त नारळ फोडायला येणार, लगेच परत जाणार, असं ठरलं. अकरा मुलं आईबापांसकट हजर. ट्रस्टनं आणलेलं नवं संबळ मधोमध ठेवलेलं. नारळ फुटला. डॉक्टर भाषणाला उभे राहिले, आणि शिकवणार कोण हे सोडून बाकी सगळं बोलले.

तेवढ्यात साडेदहा वाजले. सिस्टर उठल्या. कार्यक्रम असो, काही असो, व्यायामाची वेळ म्हणजे वेळ. सगळ्या लोकांसमोर त्या नानांच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या, त्यांची मूठ हातात घेतली आणि चांगल्या खणखणीत आवाजात बोल म्हणायला लागल्या.

डॉक्टर बोलायचे थांबले. नानांनी सिस्टरकडं बघितलं, मग समोरच्या मुलांकडं. संबळ जवळ ओढलं. उजव्या हातात एक काठी घेतली, डाव्या मुठीत दुसरी धरली. त्या मुठीवर सिस्टरचा हात तसाच होता. वाजायला लागलं, आधी हळू. सिस्टरचे डोळे मिटलेले, तोंडानं बोल चालू. डावा मागं पडला की सिस्टरचा हात त्याला पुढं न्यायचा.

थोड्या वेळानं नानांनी आपला डावा हात हळूच खालून काढून घेतला. काठी सिस्टरच्या हातात राहिली. सिस्टरना कळलंच नाही! त्या बोल म्हणत होत्या आणि वाजवत होत्या. एकच संबळ, उजवं नाना वाजवताहेत, डावं सिस्टर, आणि कुठं म्हणजे कुठं मागंपुढं नाही. चाचांनी माझा हात घट्ट धरला होता. मला समोरचं धड दिसत नव्हतं.

थांबले तेव्हा नाना मुलांना म्हणाले, "उद्या सकाळी सातला या. उजवं मी शिकवीन. डावं सिस्टर शिकवंल."

सिस्टरनी डोळे उघडले, हातातल्या काठीकडं बघितलं आणि घाईघाईनं नानांचं मनगट धरून नाडी बघायला लागल्या. टाळ्या थांबेनात.

नाना म्हणाले, "माझी बघू नगं. तुझी बघ."