'नाही रे' म्हणणारी स्कॉटलंडची पोरं

मला संगीतातलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी मला गाणं शिकवायला मास्तर ठेवले होते, ते तीन महिन्यांत स्वतःहून गेले. गाढवाला गुळाची चव काय, असं आई तेव्हापासून म्हणते. तरी आज मी एका अल्बमचं कौतुक करणार आहे, तोही स्कॉटलंडमधल्या पाच पोरांच्या बँडचा, त्यांचा पहिलाच. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच फोनवर शोधाल, अर्धं गाणं ऐकाल आणि म्हणाल, यात काय एवढं. एवढं काय ते मीच सांगते.

मंदीचे दिवस होते. आम्ही दुबईत अल मनखूलला राहायचो, नवरा, मी आणि लेक. नवऱ्याचं ऑफिस लांब, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात. बांधकाम कंपनीत तो एस्टिमेशनला होता, म्हणजे इमारत उभी राहण्याआधी तिला किती खर्च येईल ते काढायचं काम. आता इमारतीच उभ्या राहीनात, तर काढणार काय? ऑफिसात सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. सकाळी शेजारचं टेबल रिकामं दिसलं की आपलं आपण समजून घ्यायचं. कुणाला विचारलंच तर 'खलास', एवढंच उत्तर.

अशात दुबईतल्याच जुन्या देरा भागातलं एक सीडीचं दुकान बंद होत होतं. दारात टोपल्या मांडलेल्या, कुठलीही सीडी पाच दिरहॅम, म्हणजे साठ-पासष्ट रुपये. माझा नवरा कोकणातला, अगदी समुद्राकाठचा. त्याने टोपलीतून एक सीडी उचलली, कारण कव्हरवर वाळूत ओढून ठेवलेली होडी होती, मागे काळं आभाळ, आणि एका बुटक्या घराच्या पत्र्यावर वारा लागू नये म्हणून दगड ठेवलेले. आपल्याकडचंच आहे काहीतरी, कोळीगीतं असणार, असं म्हणून त्याने पैसे दिलेसुद्धा. वर नाव इंग्रजीत होतं, पण दुबईत काय, सगळंच इंग्रजीत असतं. गाडीत लावली तर निघालं स्कॉटलंड. मी म्हटलं, अहो, निदान वाचून तरी घ्यायचं.

आता लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. तेव्हा 'अहो' होतं, 'हे' होतं. त्याच्या घरची रीत. माझ्या मैत्रिणी खुशाल नवऱ्याशी अरे-तुरे करायच्या. मला लग्नाला आठ वर्षं झाली तरी जमलं नव्हतं. भांडतानासुद्धा 'अहो' म्हणून भांडायचं, त्यामुळे माझं निम्मं भांडण तिथेच फुकट जायचं.

हिवाळ्यात तिथे पहाटे धुकं पडतं. खोटं वाटेल, पण वाळवंटात इतकं दाट धुकं पडतं की पुढच्या गाडीचे दिवे तेवढे दिसतात. शुक्रवारी सुट्टी. नवऱ्याला घरात बसू द्यायचं नाही, बसला की विचार करायचा. मग उजाडता उजाडता लेकीला अर्धवट झोपेत मागच्या सीटवर बसवायचं, थर्मासमध्ये चहा घ्यायचा आणि यल्ला, निघायचं. शहर संपून वाळू लागेपर्यंत जायचं, आणि परत यायचं. मधे अर्धवट इमारतींचा मोठा पट्टा लागायचा. खालचे मजले धुक्यात बुडालेले, वर नुसत्या क्रेन. त्या कशाला टेकून उभ्या आहेत ते कळायचं नाही. महिनोन् महिने कुणी त्या हलवल्या नव्हत्या. पण चालत्या गाडीतून बघताना, आणि ते व्हायोलिन चालू असताना, सगळ्या हळूहळू वळताहेत असं वाटायचं. सगळं शहर झोपेत कूस बदलतंय, आणि जागं झालं की सगळं पहिल्यासारखं असेल. मला ते खरंच वाटायचं, निदान सीडी संपेपर्यंत.

तर अल्बम. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी कुणीतरी घसा खाकरतं. ते त्यांनी तसंच ठेवलंय. त्यांचा नंतरचा अल्बमही मी ऐकला, रंधा मारून गुळगुळीत केलेला; त्यात असलं काही सापडायचं नाही. पहिला अल्बम म्हणजे नव्या सुनेने पहिल्या सणाला एकटीने केलेला स्वयंपाक. जे जे येतं ते सगळं ताटात. एखाद्या भाजीत मीठ जास्त, पण हात राखून केलेलं काही नाही. व्हायोलिन, अकॉर्डियन, हातात धरून काडीने वाजवायचं डफासारखं एक वाद्य, आणि त्यात चक्क इलेक्ट्रिक गिटार. जुनी गाणी आजोबांची आणि ठेका नातवंडांचा, आणि दोघांचं छान पटतं.

तिसऱ्या गाण्यात एक माणूस धक्क्यावर बोटीची वाट बघतो. बोट आली की नाही ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. चौथ्यात मधेच सगळी वाद्यं थांबतात. पहिल्यांदा सीडी अडकली असं वाटून नवरा बटणं दाबत बसला होता. मग कुठूनतरी लांबून, गल्लीच्या टोकाला कुणी वाजवावं तसं, व्हायोलिन एकटंच येतं, आणि ते अगदी जवळ आलं की बाकीचे सगळे एकदम येतात. मला तिथे रडू यायचं. नवरा विचारायचा, तुला शब्द तरी कळतात का. नव्हते कळत. त्यांचं इंग्रजी म्हणजे तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखं. पण रडायला शब्द कशाला लागतात? मी खिडकीकडे तोंड करून खुशाल रडून घ्यायचे आणि मग चहा ओतायचे.

सहावं गाणं इंग्रजीतही नाही, त्यांच्या जुन्या भाषेत आहे. बँडमधली एकुलती एक मुलगी एकेक ओळ म्हणते आणि बाकीचे चौघे ध्रुपद धरतात. ते ऐकून नवऱ्याने गाडी बाजूला घेतली. म्हणाला, पुन्हा लाव. पुन्हा लावलं. शंकाच नको, स्कॉटलंडची ती पोरं एकसुरात म्हणत होती, नाही रे, नाही रे, नाही रे, ना. अगदी आपल्या चिपळूणच्या बाजूला म्हणतात तसं, शेवटचा 'ना' लांबवून.

मग आमच्या गाडीत खेळच सुरू झाला. लेक तेव्हा सहा वर्षांची. तिच्याशी आम्ही मराठीत बोलायचो, ती उत्तर इंग्रजीतच द्यायची. कळायचं सगळं, तोंडातून मात्र मराठी शब्द निघेल तर शपथ. नवऱ्याला ते फार लागायचं. माझ्याशी एकदा तरी माझ्या भाषेत बोल गं, असं तो तिला गमतीत म्हणायचा, पण ती गंमत नव्हती. तर आता तो आरशात बघून विचारायचा, भूक लागली का, दमलीस का, शाळेत जायचं का, आणि मागून गाणं यायचं, नाही रे, नाही रे. तिला वाटायचं आपण स्कॉटिश बोलतोय. शाळेतही तिने तसंच सांगितलं होतं. आम्ही काही तिची समजूत दुरुस्त केली नाही. दुसऱ्याच्या भाषेत का होईना, बापाला लेकीकडून दोन मराठी शब्द मिळत होते.

नवऱ्याच्या ऑफिसात एक वयस्क स्कॉटिश इंजिनिअर होता. त्याला या ध्रुपदाचा अर्थ विचारला तर तो खूप वेळ हसला. म्हणाला, हे शब्दच नाहीत. पूर्वी त्यांच्याकडे बायका टेबलाभोवती बसून ओलं लोकरी कापड आपटून घट्ट करायच्या, तेव्हा सगळ्यांचे हात एकदम पडावेत म्हणून काढलेले आवाज आहेत ते, अर्थ काही नाही. नवरा हिरमुसला होऊन घरी आला. मी म्हटलं, उलट बरंच झालं की. त्यांच्याकडे अर्थ नाही, आपल्याकडे आहे, म्हणजे गाणं आपलंच झालं. पुढच्या महिन्यात त्या इंजिनिअरचंही टेबल रिकामं दिसलं.

मे महिना आला. धुकं कधीच संपलं होतं, सकाळी सातलाच काच तापायची, तरी आमची शुक्रवारची फेरी चालू होती. त्या दिवशी नवऱ्याने वाळूच्या कडेला गाडी थांबवली, एसी चालू ठेवला, सीडीचा आवाज बारीक केला, आणि समोर बघत बघत सगळं एका दमात सांगून टाकलं. पगार निम्मा होणार. घरभाडं कंपनी देणार नाही. देऱ्यात एका खोलीत पाचजण राहतात, तिथे त्याच्यासाठी एक खाट मिळते आहे. जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली की मी आणि लेकीने पुण्याला आईकडे जायचं. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे, मग इन्शाल्ला सगळं सुरळीत.

मला इतका राग आला की कानशिलं तापली. 'सहा महिन्यांसाठी' म्हणून आलेल्या किती जणी त्या वर्षी पुण्यात राहूनच गेल्या होत्या, ते मी मैत्रिणींच्या फोनवर ऐकत होते. मी म्हणणार होते, एक खोली भाड्याने देऊ, मी डबे करीन, नोकरी बघीन, कुणाबरोबर घर वाटून घेऊ पण तिघं एकत्र राहू. हे सगळं नंतर म्हटलंच, दहादा म्हटलं. पण त्या क्षणी तोंडातून निघालं ते एवढंच.

"नाही रे."

माझं मलाच दचकायला झालं. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. आठ वर्षांत मी त्याला पहिल्यांदा 'रे' म्हटलं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. मागे लेक खिदळली. तिला वाटलं, खेळ सुरू झाला. तिने तिकडून चालू केलं, नाही रे, नाही रे, आणि पाय आपटून ठेकाही धरला.

"अगं, तिकिटं काढलीत," तो म्हणाला.

म्हणजे मला विचारत नव्हताच तो, सांगत होता. मी भांडले, आणि त्या भांडणात एकदाही 'अहो' आलं नाही. सगळं जमेल तसं, जोरात, अरे-तुरेवर. तो ऐकून घेत होता. मधेच म्हणाला, असंच बोलत जा, बरं वाटतं. त्यानंतरचा जवळजवळ महिनाभर आमचा संसार लग्नातल्या कुठल्याही महिन्यापेक्षा गोड होता, हे मी आज निर्लज्जपणे सांगते. संध्याकाळी तो ऑफिसातून आला की मी दारातून, आलास, म्हणायचे, आणि तो दारातच थोडा वेळ उभा राहायचा. जूनमध्ये त्याने गाडी विकली, विकण्याआधी सीडीची कॉपी करून मला दिली, आणि आम्हा दोघींना विमानात बसवलं.

पुण्यात आईचा दोन खोल्यांचा फ्लॅट. दुपारी सगळे झोपले की मी ती गाणी लावायचे. चौथ्या गाण्यातलं व्हायोलिन तितक्याच लांबून यायचं आणि तितकंच जवळ. पाच पोरांनी ओळखदेखही नसलेल्या एका बाईसाठी इतकं करावं, याचं मी कौतुक नाही तर काय करू? डोळे मिटले की खाली धुकं आणि वर क्रेन, आणि शेजारी स्टिअरिंगवर ठेका धरणारी दोन बोटं.

मी अशी स्वप्नात, लेक मात्र पुण्यात पुरती जागी होती. मुलं कशी पटकन रुजतात. दिवाळीपर्यंत ती शाळेत मराठीत भांडायला लागली, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आईच्या सीरियलमधल्या सासूची नक्कल करायला लागली. एकदा सहावं गाणं लागलेलं असताना धावत आली आणि म्हणाली, अगं, हे तर मराठी आहे! आई स्वयंपाकघरातून म्हणाली, आहेच, पण बाबांना असं 'रे' म्हणायचं नाही हं, मोठ्या माणसांना अहो-जाहो करायचं. माझ्या आईच्या घरी शिस्त मोठी. मला हसू आलं.

नवऱ्याशी फोनवर ती पूर्वीसारखीच इंग्रजीत बोलायची. फाइन, ओके, बाय. फोनकार्डाची मिनिटं पळत असायची, आवाज मागे-पुढे व्हायचा, त्यात भाषेचं कोण बघतंय. सहा महिन्यांचं वर्ष झालं. रजेवर गेलेल्या माणसाला कंपनी परत बोलावील याची खात्री नव्हती, म्हणून त्याने रजा मागितलीच नाही. शेवटी पुढच्या वर्षीच्या गणपतीत, सव्वा वर्षाने, त्याला दहा दिवस मिळाले.

तो आला तेव्हा दार मीच उघडलं. बारीक झाला होता. मी म्हटलं, आलास, आणि तो दारातच उभा राहिला. आतून लेक आली. मी केव्हापासून याच घटकेची वाट बघत होते. इतकी वर्षं ज्याने तिच्या तोंडून मराठी ऐकायची वाट पाहिली, त्याला आता ती घडाघडा मराठी बोलताना ऐकायला मिळणार होतं. फोनवर मी त्याला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

लेक दोन पावलं लांब थांबली, फ्रॉक सारखा केला, आणि माझ्या आईने शिकवलं होतं तसं स्वच्छ, गोड आवाजात म्हणाली, "या ना बाबा, बसा. तुम्हाला पाणी आणू?"

तो बसला, सोफ्याच्या कडेवर. बॅग पायाशीच ठेवली. ती ट्रेमधून पाणी घेऊन आली, सांडू नये म्हणून जिभेचं टोक बाहेर काढून. त्याने पेला उचलला, तिच्याकडे बघून हसला, आणि त्याने विचारलं, "कितवीत आहेस तू आता?"

तिची फी दर महिन्याला तोच पाठवत होता.

"दुसरीत," ती म्हणाली, आणि पेला रिकामा व्हायची वाट बघत ट्रे धरून उभी राहिली.